डाव्या चाकाचे नट

११ जाने., रवि.
गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलले. सोसायटीच्या पार्किंगमध्येच, नेहमीच्या कोपऱ्यात. शोरूमच्या सर्विस सेंटरवर माझा विश्वास नाही. मागे इंजिन ऑइल बदललं म्हणून सांगितलं, घरी येऊन ऑइल मोजायची काठी काढून बघितली तर ऑइल काळंकुट्ट. रिटायर होईपर्यंत उरणला बंदरात क्रेन दुरुस्त केल्या, आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात कशाला.
मध्येच सुनंदाने जेवायला हाक मारली. कोलंबीचं कालवण. जेवून परत खाली गेलो. कंबर धरली.

१३ जाने., मंगळ.
केतकी गाडी घेऊन बेलापूरला ऑफिसला चालली होती. पाम बीच रोडवर स्टिअरिंग थरथरायला लागलं. पोरगी हुशार, लगेच बाजूला घेतली. डाव्या पुढच्या चाकाचे नट नुसत्या हाताने फिरत होते. सगळे. कुणीतरी भला माणूस थांबला, त्याने आवळून दिले.
संध्याकाळी आली, पाणी प्यायली, मग सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"बाबा, जॅक काढल्यावर परत आवळले होतेस ना?"
सु. भात वाढत होती, तिचा हात थांबला.

१४, बुध. संक्रांत
उजवं चाक आवळल्याचं आठवतं. पाना, पायाचा जोर, सगळं. डाव्याचं काहीच नाही. जेवण आठवतं. जिना उतरल्याचं आठवतं. पुढे नुसतं
विसरलो म्हणावं तर विसरल्याचंही आठवायला पाहिजे ना.
केतकीने तिळगूळ दिला, पाया पडली. नेहमीसारखीच.

१७, शनि.
के. गाडी सर्विस सेंटरला घेऊन गेली. मला बोलावलं नव्हतं, मीच जाऊन बसलो शेजारी. तिथला टायवाला म्हणाला, "मॅडम, बाहेर कुठे काम केलंय का?"
"घरी केलंय," एवढंच म्हणाली. माझं नाव घेतलं नाही.
"घरी नका करू असलं. ब्रेकचं काम आहे, जिवाशी खेळ."
मान खाली घालून ऐकलं. मला बोलायचं होतं, तुमचं ते काळं ऑइल... पण कुठल्या तोंडाने बोलणार? आपल्याला काचेच्या अलीकडे बसवतात. आपलीच गाडी पलीकडे वर उचललेली, आणि आपण कॉफीचा कप धरून.

१९, सोम.
दुपारी सु. मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी दोनदा गॅस चालू ठेवून गेलाव. मी केतकीला नाय सांगितलं."
"कधी?"
"दिवाळीच्या आधी एकदा. मंग परत. खांदेश्वरला डोक्याचा डॉक्टर हाय, दाखवून येऊ. मना भीती वाटते वो."
तूच जाऊन दाखव म्हणालो. फार वाईट बोललो. ती सोलत राहिली.

२४, शनि.
के.बरोबर भाजीला गेलो. गाडीतून आवाज येतोय. पुढून, डावीकडून, वळताना. बारीक, पण येतोय. तिला म्हटलं तर, "बाबा, त्यांनी सगळं चेक करून दिलंय." पूर्वी असं म्हटलं की ही लगेच चावी हातात द्यायची.
खाली जाऊन बघावं म्हटलं तर डिकीत पान्यांची पेटी नाही. सु.ने माळ्यावर टाकलीय. मागितली नाही. मिळाली असती तरी मी काय केलं असतं, कोण जाणे.
संध्याकाळी के. गाडी वळवून लावत होती, तेव्हा सु.ला खाली नेऊन ऐकवलं. "मना काय ऐकू नाय येत," म्हणाली.
रात्री तिला म्हटलं, घे नंबर डॉक्टरचा.

२७, मंगळ.
खांदेश्वरला, डॉक्टरकडे बाहेर बाकावर बसून लिहितोय. सु. शेजारी.
येताना वळणावर परत तोच आवाज. केतकीला म्हटलं, ऐक. तिने एसी बंद केला, काच खाली केली, सिग्नलपर्यंत ऐकत राहिली.
"नाही रे बाबा."
सिग्नल सुटला. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "कशाचा वाटतो तुला? नीट सांग, मी सर्विस सेंटरला तसंच सांगते."
त्या पार्टचं नाव तोंडावर आलं नाही. जन्मभर हाताळलेला पार्ट. मी हाताने दाखवलं, इथे असा असतो, असा फिरतो. ती रस्ता सोडून माझ्या हातांकडे बघत होती. "बरं," म्हणाली, "तुम्ही दोघं डॉक्टरकडे बसा, तुझा नंबर येईपर्यंत मी गाडी दाखवून येते." आम्हाला सोडून तशीच गेली.
आवाज खरा निघाला तर गाडीत दोष आहे. नाही निघाला तर
माझ्याआधीची बाई आत गेली. सु. सारखी दाराकडे बघतेय. केतकी अजून आलेली नाही.