सायकालच्या दोन वेण्या

प्रिय सायकाल,

पत्र फाडायचंच असेल तर वाचून फाड. वर तुमच्या कुरणात फोन लागत नाही, म्हणून कागद काळा करतोय.

काल खाली नारीन शहराच्या बाजारात तुझी आई भेटली. लग्नाचं रेशीम निवडत होती. मला बघताच म्हणाली, "ये रे, अर्धवट डॉक्टरा! कॉलेजनं हाकललं की तूच पळालास?" पळालोच. तुझ्या कानात त्या दुसऱ्याच्या घरची सोयरिकीची कर्णफुलं चढल्यावर मी वर्गात बसून कुणाची हाडं मोजणार होतो?

मग खुशीत सांगत सुटली. तुझे केस परत येतायत, हात थरथरत नाहीत, सुटलेलं अंगही उतरलंय. लग्नात सासरच्या बायका तुझ्या कुमारिकेच्या बारीक वेण्या सोडून सुवासिनीच्या दोन वेण्या घालणार, तेव्हा विरळ केसांतून टाळू दिसली तर विचारतील ना, पोरीला झालंय काय? म्हणून तिनं तुझ्या फिटच्या गोळ्या चुलीत टाकल्या आणि आंबवलेलं कुमिस सुरू केलं. "घोडीचं दूध हाडातला रोग काढतं, बाबा!" "गोळ्या अशा एकदम तोडू नका!" मी भर बाजारात ओरडलो. तिनं पाठ फिरवली.

केस गोळ्यांनीच गळत होते, खरंय. हातही त्यांनीच थरथरायचे. तू चहाचा वाडगा दोन्ही हातांनी धरायचीस आणि मी मुद्दाम काठोकाठ भरायचो. पुढे दिवस राहिले तर पोटातल्या बाळालाही ही गोळी बाधू शकते. बदलायलाच हवी होती, पण डॉक्टरनं, दुसरी सुरू करून, हळूहळू.

तुझ्या तोल्गोनाय वहिनीनं निरोप धाडलाय: सकाळी उठल्याउठल्या तुझा हात झटका देतो, वाडगा उडून पडतो. आई म्हणते, "पोरीला लग्नाची घाई झालीय." सायकाल, ही ती जुनी थरथर नव्हे. वॉर्डात एक मेंढपाळ आला होता, गोळ्या एकदम सोडलेला. त्यालाही सकाळी असेच झटके यायचे. मग मोठी फिट आली. शुद्धीवर येण्याआधीच दुसरी, मग तिसरी. त्याची बायको त्याची टोपी हातात धरून दारात उभी होती. टोपी घेऊनच घरी गेली.

आणि उद्या तुला घोड्यावर बसवून नदीपार सासरी नेणार आहेत. म्हणून लिहितोय. घोड्यावर चढू नकोस. पत्र आणणारे जुमाबाय काका दूधगाडी घेऊन थांबतील. वहिनीला सोबत घे, तडक नारीनचा दवाखाना गाठ. मी गाडीत नसेन, दवाखान्यातही नसेन. बरी झालीस की लग्न त्याच्याशीच कर. गाढव आहे तो, पण कर. मात्र आज गाडी रिकामी उतरली, तर मी लग्नाच्या पाहुण्यांनी भरलेल्या तुमच्या तंबूत शिरून तुझ्या आजाराचं नाव मोठ्यानं सांगेन. लग्न मोडेल. मग जन्मभर मला शिव्या घाल. मला त्या हव्यात.

तू नको म्हटलंस तरी तुझाच,
उलान