तळ्याकाठची सत्तावीस झाडे

प्रति,
मेहेरबान पैमाश (जमीनमोजणी) साहेब,
छावणी पुंगनेरी, पापनाशमनजीक, जिल्हा तंजावर

विषय: तळ्याकाठच्या सत्तावीस झाडांची तोड थांबविण्याबद्दल
संदर्भ: पहिला अर्ज, "मालकी दाखवावी" या शेऱ्यासह परत आलेला

साहेब मेहेरबान,

१. पुंगनेरीची बाई चंद्रमती, विधवा, वय अदमासे सत्तर, हिचा अर्ज ऐसा की, गावच्या तळ्याकाठी इलुप्पैची, म्हणजे मोहाची, सत्तावीस झाडे आहेत. गावात तान्हे मूल गेले की त्यास तेथे पुरतात आणि वर रोप लावतात. ही चाल आम्हा मराठ्यांच्या घरी आहे, तमिळांच्याही आहे. आई वर्षभर रोपास पाणी घालते, पण "हे झाड माझे" असे कधी म्हणत नाही. म्हटले तर ते झाड पुढचे मूलही मागून नेते, असे बायांचे भय आहे.

२. गेल्या माघात हुजुरांचे मोजणीदार आले. झाडे कोणाची, म्हणून त्यांनी एकेकीस विचारले. एकेकीने "माझे नव्हे" म्हटले. अर्जदारानेही म्हटले. अगबाई, काय बुद्धी झाली! तेवढ्यावर झाडे बेवारशी लिहिली गेली, लिलाव झाला आणि लाकडाचे मक्तेदार सूर्यनारायण यांनी ती आगगाडीच्या जळणास घेतली. परवा बुधवारी कुऱ्हाड लागणार. मालक मिळाला म्हणजे झाडांची निगा राहते, असे दवंडीत सांगितले. अहो साहेब, साठ वर्षांत मालकावाचून एक झाड वाळले नाही, आणि मालक मिळताच सगळी जाळायला निघाली. ही कसली मेली निगा?

३. अर्जदाराचे मूल नवव्या दिवशी गेले. बारसे झाले नव्हते, म्हणून त्यास नाव नाही. त्याचे झाड पायरीकडून तिसरे. त्यावर आता डांबराने आकडा घातला आहे. अर्जदार पदराने पुसायला गेली, डांबर निघेना, तेव्हा तिथेच बसून रडली. हे अर्जात नको, असे लिहिणारे श्रीनिवासराव म्हणाले. तिने हट्टाने लिहविले.

४. जो मालकी सांगेल त्याचे झाड वगळू, असे कचेरी म्हणते. पण सांगावे कोणी? त्याच बायांपैकी जयलक्ष्मीच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. भुवनेश्वरीच्या मांडीवर तीन महिन्यांचा नातू आहे. त्यांच्या तोंडून तो शब्द निघायचा नाही, आणि त्यांस बोल लावण्याची अर्जदाराची छाती नाही. अर्जदाराच्या मागे मात्र कोणी उरले नाही. धनी गेले, पुढे झालेले दोन्ही लेक एकाच पटकीत गेले. तिचे आता कोण काय नेणार?

५. सबब अर्जदार पुऱ्या शुद्धीत लिहून देते की, ती सत्तावीसही झाडे तिची आहेत, तिच्या एकटीची. हुजूर विचारतील, एका बाईची सत्तावीस तान्ही कशी गेली? गेली, असे लिहून घ्यावे.

हुकुमासाठी कचेरीच्या दारी बसलेली,
आपली नम्र
चंद्रमती
(निशाणी फुली, हस्ताक्षर श्रीनिवासराव)

सोमवार, तारीख १४ जून १८६९
सोबत: परत आलेला पहिला अर्ज