चौकटीवरचा हात

कुरुळी, रविवार, दिवेलागण

आज जुन्या इमारतींच्या नोंदी इंटरनेटवर करायला शिकवत होते, तिथं गेलो. नकाशावर ठिकाण दाखवायचं, माहिती लिहायची, फोटो चढवायचा. मग तो जगात कुणीही बघावा, कुणीही वापरावा.

मी आमची कौलारू शाळा निवडली. तिथं आता गोदाम आहे. शाळेचा एकच फोटो माझ्याकडे. दारात आमची ही, सुमन, उभी, हात चौकटीवर.

शिकवणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, यात बाई आहेत. त्यांना विचारलंत?"

सुमन गेली. आता कुणाला विचारू?

शेजारचा दत्तोबा म्हणाला, "टाक की राव. वहिनी जगभर फिरतील. तू तर हयातभर चाकणच्या पुढं न्हाई नेलंस."

हसलो, पण धीर होईना. फोटो काढतानाही ती म्हणाली होती, "मला कशाला? शाळेचा काढा." शेवटी मीच मुलीला म्हटलं, सुमनला फोटोतून काप.

बरं केलं का? त्याच दारात उभी राहून ती पोरांकडून कविता म्हणून घ्यायची. पहिल्या शिफ्टवरून परतताना मी सायकल थांबवून ऐकायचो. अजून पाठ आहेत. आता लोकांना शाळा दिसेल, कविता शिकवणारी नाही...

कापून झाल्यावर मुलगी थबकली. "आजोबा, चौकटीवर हात राहिलाय. तोही काढू?"

"राहू दे," म्हटलं. "तेवढ्याला ती नाही म्हणायची नाही."