डकोटाच्या फळीची जाडी

मी, सलोनी सत्यवान मेस्त, वय २६, राहणार तोंडवली, तालुका मालवण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी गोव्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी तरी लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. आईने तर पेनच काढून घेतलं होतं.

१. बँकेत जे असेल ते आईचं. याच झडपेमुळे दहाव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. अक्षरं तिने शिकवली, मापं बाबांनी, होड्या बांधायच्या त्यांच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, बसवून.

२. बारीक करवत, चिमटे आणि कागद कापून जोडायच्या विमानांचे सगळे संच माझी मैत्रीण सनोबर हिला. तिने गोंद कमी लावावा.

३. थोरले काका दत्तप्रसाद यांना काही नाही. हे फार कडक वाटतं, म्हणून माझं भिंग द्यावं. दुसऱ्याची चूक शोधायला त्यांना ते लागेल.

४. कागदी संचावरून पांगाऱ्याच्या लाकडात अर्धं झालेलं नवं डकोटा विमान बाबांना. पण त्याआधी एक कबुली.

सहा वर्षांपूर्वी वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी आम्ही पहिलं डकोटा केलं. होडीत बाबा आधी फासळ्या उभ्या करतात, मग वरून फळी मारतात. मीही संचातल्या आकृत्या तशाच लाकडावर उतरवून फासळ्या कापल्या. कागदाला जाडी नसते. फळीला असते, ती फासळीच्या मापातून दोन्ही बाजूंनी वजा करायला हवी होती. मी केली नाही. विमान फुगलं, पंख बसेनात. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "सत्या, इमान केलंस काय गाभण म्हस?" बाबा म्हणाले, चूक माझीच. मी गप्प राहिले. त्या दिवसापासून बाबांनी विमानाला हात लावलेला नाही. बाबा, फासळ्या मी कापल्या होत्या. तुम्ही पुन्हा विमान करायला घ्या, एवढंच मागते.

५. कलम ४ माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजच लागू व्हावं.

दुरुस्ती, त्याच दिवशी: कलम ४ बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नकाशो खंय आसा? फळी किती जाड?"

मी म्हटलं, दोन मिलिमीटर.

"मगे दोन्ही बाजूंक दोन-दोन कमी कर. आणि गोव्यासून बेगीन घरा ये. शेपटी माका येकट्याक जमाची नाय."

पेन्सिल त्यांनीच कानामागे खोचली. सबब कलम ४ मधली देणगी रद्द. नवं डकोटा कोणालाही देत नाही. काम चालू आहे.

खाडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे.

सही: सलोनी सत्यवान मेस्त
आमच्यासमोर सही झाली: दीपेश गणपत सारंग, शेवंती परब, अंगणवाडी सेविका
तोंडवली, ९ फेब्रुवारी २०२५