गादी आमच्याच घरात येणार

५ तारीख, सोमवार
आजपासून ठरवलं, आनंद पोटातच ठेवायचा. नातू महाराजांचा शिष्य झाला. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत रजा टाकून आश्रमात राहायला गेलासुद्धा. महाराज थकलेत. पुढे गादीवर कोण बसणार, ते मी कशाला बोलू? फक्त समोरच्या शिलाईवालीला सांगितलं. ती कुणाला सांगणाऱ्यातली नव्हे. तिच्याकडे गिऱ्हाइकं बसली होती, आता त्यांच्या कानाला मी काय बूच लावू?

७ तारीख, बुधवार
नातवाचा फोन. म्हणाला, हॉल झाडतो, महाराजांच्या चपला सांभाळतो. बघा! चपला काय कुणाच्याही हातात देतात? आवाज जरा पडलेला होता. भक्तीनं गहिवरला असणार. मग हळूच विचारलं, आजी, मी परत आलो तर? मी म्हटलं, अरे, सगळी गल्ली मला वाट सोडून उभी राहतेय, आणि तू परत येतोस? बरं, ठेवतो म्हणाला. पटलं त्याला.
सूनबाई मात्र तोंड पाडून. ती दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. दिवसभर जगाची तोंडं बघते आणि घरी आली की माझ्याकडून तोंड फिरवते. म्हणे, सुपरवायझरनं निरोप दिलाय, सोमवारी सकाळी कामावर दिसला नाही तर दुसरा माणूस घेऊ. घेऊ देत. गादीवर बसणारा काय स्क्रू पिळत बसणार आहे?

९ तारीख, शुक्रवार
काय सांगू! महाराज मौनात गेलेत. खुणांचा अर्थ सांगणारे जुने शिष्य तापानं पडले, म्हणून माइक आमच्या पोराच्या हातात. मी पहिल्या रांगेत. सूनबाईला ओढतच नेलं होतं, ती मागे बसली.
महाराजांनी गालाला हात लावून डोळे मिटले. नातू म्हणाला, जगाचा भार तळहातावर घ्या. अख्ख्या हॉलनं गालाला हात लावला. महाराजांनी जोरजोरात मान हलवली. नातू म्हणाला, नाही म्हणायला शिका. मग त्यांनी मूठ तोंडाशी नेऊन काहीतरी उपटल्यासारखं केलं. नातू म्हणाला, कडू शब्द मुळासकट उपटून फेका. माझ्या डोळ्यांना धारा. शेजारची बाई कुजबुजली, गाल सुजलाय वाटतं. मी म्हटलं, तेज असतं ते.
घरी येताना सूनबाई म्हणाली, "अहो आई, त्यांची दाढ दुखतेय." दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला देवळातही दाढच दिसणार.

१० तारीख, शनिवार
महाराजांचे पाय सूनबाईच्या क्लिनिकला लागले. एवढी क्लिनिकं पडलीत गावात, पण आमच्याच घराण्याची सेवा घेतली. दाढ काढली, हे निमित्त. सूनबाई म्हणते, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मौन मोडलं. म्हणाले, "बाई, पोरगा गुणी आहे तुमचा. पण मी कालपासून कळवळतोय आणि तो प्रवचन देतोय."
गुणी म्हणाले. मी तेवढंच शिलाईवालीला सांगितलं.

१२ तारीख, सोमवार
सूनबाईनं सकाळीच नंबर लावून फोन माझ्या हातात कोंबला. म्हणाली, "माझं नाही ऐकत तो. तुम्ही नुसतं ये म्हणा, येईल." मी नातवाला सांगितलं, परीक्षा आहे ही, टिकून राहा. बरं आजी, म्हणाला. सूनबाईनं फोन घेतला आणि डबा न घेताच कामावर गेली. तिला अध्यात्म जड जातं.

१४ तारीख, बुधवार
नातू बॅग घेऊन दारात. गादीबद्दल विचारलं तर म्हणाला, ती महाराजांच्या पुतण्याची आहे, कधीचीच ठरलीय. महाराजांनी स्वतः रिक्षात बसवून दिलं, डोक्यावरून हात फिरवला. कंपनीत दुसरा माणूस कालच लागला.
मी म्हटलं, अरे, मग आधीच का नाही आलास?
तो बुटाची लेस सोडत होता. वर न बघता म्हणाला, "महाराज दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते, तुझा जीव इथे रमत नाही, घरी जा. पण तू गल्लीभर सांगून बसली होतीस. तुला कोणी हसायला नको म्हणून थांबलो."
उद्या दुसऱ्या कंपनीत विचारायला जाणार आहे. मी सोबत येऊ का, विचारलं. चार शब्द चांगले सांगितले असते.
नको म्हणाला. फार प्रेमानं म्हणाला.