कडेचे नंबर

४ मार्च

भावजी सकाळी खोकी टाकून गेले. टाकूनच – दारातून आत ढकलली आणि गाडी चालू ठेवून म्हणाले, "ताजा माल आहे वहिनी, पटापट लावा." लावला. पुन्हा तेच. तीन नंबर, आठ नंबर, तीन नंबर, आठ नंबर. मधले पाच-सहा नावाला एकेक. दिवसभर बायका पाच नंबरची चप्पल मागत होत्या आणि मी प्रत्येकीला सांगत होते, "उद्या येईल." एक म्हणाली, "तुमचा उद्या मी गेल्या महिन्यापासून ऐकतेय." खोटं नाही तिचं.

हे होते तेव्हा माल तेच आणायचे. हे गेल्यापासून भावजी आणतात. त्यांचं चपलांचं दुकान मोठ्या रस्त्यावर, तिकडचा माल घेताना माझाही घेतात. धाकटा दीर एवढं करतो, अजून काय पाहिजे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

संध्याकाळी घरी विषय निघालाच. सासरे खाटेवर, भावजी खुर्चीत, मी दारात. भावजी म्हणाले, "बाबा, दुकान बायकांचं काम नाही असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, चालत नाही. मला द्या, मी तिथे गोदाम करतो. वहिनींना महिन्याला काहीतरी देत जाईन."

काहीतरी!

बाबा बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग मला म्हणाले, "शाळा उघडेपर्यंतचा हंगाम बघू. नाही जमलं, तर देऊन टाक बाई त्याला." गाळा बाबांच्या नावावर आहे. त्यांनी बोललेलं फिरत नाही.

५ मार्च

ठरलं. माल मी स्वतः आणणार. लेकीला सांगितलं. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "मग जा की. तुला कुणी धरलंय?"

९ मार्च

घाऊक बाजारात जाऊन आले.

गल्ली एवढी अरुंद की डोक्यावर खोकी घेतलेला हमाल आला की माणसाने भिंतीला पालीसारखं चिकटायचं. सगळीकडे चिकटवायच्या डिंकाचा उग्र वास. ह्यांच्या शर्टाला तोच वास यायचा बाजाराच्या दिवशी. जिन्यात पाय ठेवला आणि तो वास एकदम आला – दुसऱ्या पायरीवरच उभी राहिले. मग वर गेले.

वर छतापर्यंत खोकी आणि मधे एक जाडजूड माणूस.

"नाही," तो म्हणाला. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"काय नाही?"

"सुटा जोड मिळत नाही. किरकोळ खाली. मालक कुठे आहेत तुमचे?"

"मालक मीच. मालक वारले."

मग ह्यांचं नाव सांगितलं. त्याने समोरचं स्टूल स्वतःच्या हाताने पुसलं. "बसा ताई. घासाघीस जीव जाईपर्यंत करायचा तुमचा माणूस. पण चहा पाजून." मी ठरवलं, रडायचं नाही, आणि नाही रडले. मात्र त्या माणसाचं नाव मी मनात ठेवून टाकलं – नाही-शेठ. रंग बदलून मिळेल? नाही. पाच नंबर जास्त द्याल? नाही. "सेट म्हणजे सेट. तीन ते आठ, अख्खं खोकं. हवं तर घ्या."

भिंतीवर नमुने टांगलेले. एक सँडल इतकी नाजूक होती, बारीक पट्टे, मोहरीएवढं बक्कल, की बघताच जीव जडला. तिचीच खोकी घेतली. बसमध्ये एक मांडीवर घेऊन बसले होते, लेकराला घेऊन बसावं तशी.

११ मार्च

माल उद्या-परवा लावेन. आज मधे वेळ मिळाला तर वाचत बसले. मी शाळेत गेले ती जेमतेम अक्षरओळखीपुरती. बाकीचं वाचन बुटांनी शिकवलं. बुटाच्या नाकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले असतात, ते सरळ करून वाचायचे. अर्धी बातमी डाव्या बुटात, उरलेली उजव्यात असेलच असं नाही. किती खुनांचे खुनी मला अजून कळलेले नाहीत. हे हसायचे, म्हणायचे, "गिऱ्हाईक थांबलंय, तू आधी खुनी शोध." आता पुस्तकं वाचते, अख्खी. पण बोळा दिसला की हात जातोच.

१३ मार्च

फजिती.

खोकी उघडली. तीन नंबर – अगदी बाजारात पाहिली तश्शी, नाजूक. पाच नंबर – ठीक. सात नंबर – पट्टे तेवढेच बारीक, बक्कल तेवढंच, आणि तळवा ही एवढी परात! आठ नंबर हातात धरला तेव्हा लेक म्हणाली, "आई, वल्ही कुठे आहेत?"

भावजी नेमके तेव्हाच आले. खूप हसले. "वहिनी, नमुना नेहमी तीन नंबरचाच टांगतात. छोटं सगळंच गोड दिसतं. सात मागून बघायचं असतं आधी. हे तर पोऱ्यालाही माहीत असतं." मान्य. मला नव्हतं माहीत.

पण ते गेल्यावर खोकी रिकामी करताना हात थांबला. नाही-शेठच्या खोक्यात तीन आणि आठ एकेक होते. चार, पाच, सहा, सात – दोन-दोन. प्रत्येक खोक्यात तसंच. मी सगळी पुन्हा मांडून पाहिली.

भावजींच्या खोक्यांत मधले कधीच दोन नसतात. आणि तीन-आठ ढिगाने असतात.

१४ मार्च

म्हणजे ते सेट फोडतात. विकले जाणारे मधले नंबर स्वतःच्या दुकानात ठेवतात, आणि दोन्ही दुकानांचे कडेचे नंबर माझ्या खोक्यात भरून वरून चिकटपट्टी मारतात. दहा महिने. मग म्हणतात, चालत नाही.

लेक म्हणाली, "आत्ताच्या आत्ता आजोबांना सांग."

दुपारी बाबांना औषध द्यायला गेले तेव्हा सांगायचंच होतं. ते म्हणाले, "धाकटा आला होता का गं? जेवला का?" त्यांना दोन मुलं होती. आता एकच आहे.

नाही सांगितलं. औषध दिलं आणि आले.

भावजींना मात्र निरोप धाडला – यापुढे माल आणू नका, मी आणेन.

२० मार्च

आज एक उंच नर्स आली. पायात पुरुषी चप्पल. म्हणाली, "बायकांचं काही आठ नंबरात असलं तर दाखवा. नसेलच म्हणा." माझ्याकडे आठ नंबरशिवाय आहे काय! मांडले पुढ्यात – काळे, तपकिरी, लाल, बंदवाले, उघडे. ती आधी बसली. मग म्हणाली, "सगळे आठ?"

"सगळे आठ."

"मला आयुष्यात कुणी 'यातलं निवडा' असं म्हटलेलं नाही. 'हेच आहे' म्हणतात."

ती होडी, म्हणजे माझी परातीएवढी सँडल, तिने पायात घातली. तिच्या पायात ती नाजूक दिसली. देवाशपथ!

दोन जोड घेऊन गेली. जाताना विचारलं, "नऊ ठेवता का? आमच्या वॉर्डात एक नऊ आहे."

२१ मार्च

नर्सने चार जणींना सांगितलेलं दिसतं. आज तिच्या ओळखीची एक वकीलबाई आली. पाय अगदी चिमणीएवढा. इतकी वर्षं लहान मुलींच्या विभागातून बूट घेते, म्हणाली. "परवा उलटतपासणी घेत होते, आणि साक्षीदार माझ्या पायांकडे बघतोय. बुटावर ससा होता हो." तीन नंबरचा काळा, साधा, टाचेचा जोड दिला. दुकानातच चार फेऱ्या मारल्या तिने. टाच ठक-ठक वाजवत.

ह्या बायका माझ्याकडे येण्याआधी कुठे जात होत्या? कुठेच नाही. सगळं जग पाच-सहाच्या मागे, आणि ह्या उभ्या.

२४ मार्च

पुन्हा नाही-शेठ. समोर एक दुकानदार न खपलेले तीन-आठ बदलून मागत भांडत होता.

विचारलं, "दुकानदार कडेचे नंबर परत आणतात, त्याचं काय करता?" त्याने नुसतं वर बोट केलं. माळा. शिडी लावून चढले. धूळ, अंधार, आणि तीन-आठ, तीन-आठ, भिंतीपर्यंत. मधेमधे नऊसुद्धा!

"घेते," मी वरूनच म्हणाले.

"माळा झाडून न्यायचा असेल तर. निवडानिवड नाही."

"निवडल्याशिवाय नाही." एकेक जोड वाकवून पाहिला. पडून राहिलेल्या मालाचा डिंक सुकतो, तळवा सुटतो. जवळजवळ अर्धा माळा तसा होता. एक जोड त्याच्या हातात देऊन म्हटलं, वाकवा. कटकन तळवा वेगळा झाला. "हे मी विकलं तर गिऱ्हाईक तुम्हाला नाही, मला शिव्या घालेल."

"मग राहू द्या."

"सुकलेले राहू देते. पण ऐका तर. दर महिन्याला दुकानदार कडेचे परत घेऊन येतात. बदलून द्या म्हणून तुमचं डोकं खातात. आज हे चांगले, नऊसकट, आणि यापुढे परत आलेला प्रत्येक चांगला जोड माझा. आल्याबरोबर, सुकायच्या आधी. तुमचं नेहमीचं भांडण मी घेऊन जाते. भाव मात्र भांडणाचा लावायचा, नव्या मालाचा नाही."

तो पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "हो."

आणि स्वतःच दचकला.

३० मार्च

लेकीने पाटी रंगवली. एक लांबलचक पाऊल, एक चिमुकलं. खाली: "लहान पाय, मोठे पाय – इथे या. मधल्यांना जग मोकळं आहे." शेवटचं वाक्य तिचं. मी पुसायला सांगितलं, तिने ऐकलं नाही.

भावजी पाटी वाचून म्हणाले, "सर्कस उघडलीत वहिनी."

"तिकीट नाही. या आत."

आले नाहीत.

८ एप्रिल

नर्सच्या वॉर्डातली 'नऊ' आली. बरोबर दुसऱ्या वॉर्डातल्या तिघी. चार उंच बायका आत शिरल्यावर दुकानात मला मी दिसेना.

१९ एप्रिल

नऊ नंबर संपला. संपला! मी पाच नंबरबद्दल वर्षभर जे म्हणत होते ते आज नऊबद्दल म्हणाले – "उद्या येईल." फरक एवढाच की आता येणार आहे. कारखान्यात नऊचा साचा धूळ खात पडला होता. नाही-शेठला सांगून तो काढायला लावला.

२ मे

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. लेक म्हणाली, बंद ठेवू या. मी उघडलं. घरी बसून काय करणार, भिंतीकडे बघणार. गर्दी होती. एका बाईला बंद बांधून देताना वाटलं, आत्ता आतून विचारतील, "कितीला दिलास?" कुणी विचारलं नाही. चांगल्या भावात दिला होता.

१२ जून

हंगाम. शाळेच्या बुटांसाठी आया रांगेत. मला काय ठाऊक, की हल्लीच्या पोरांचे पाय आधी वाढतात आणि पोरं मागून! सातवीतलं पोर आणि बापाच्या मापाचा बूट. "सगळीकडे सांगतात, मोठ्यांच्या दुकानात जा. तिथे शाळेचा काळा बूट नसतो." माझ्याकडे आहे. दुपारचं जेवण संध्याकाळी झालं. पाय सुजलेत, स्वतःचेच. काय मजा आहे.

२० जून

भावजी आले. या वेळी आत आले, स्टुलावर बसले. मोठ्या रस्त्यावर आणखी दोन दुकानं झालीत, तीही पाच-सहाच विकतात, म्हणाले. भाव पाडून पाडून काही उरत नाही. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग –

"वहिनी, माझ्याकडे कडेचे बरेच पडलेत. घेता का?"

"आधी कुठे ठेवायचात ते?"

बाहेर एक स्कूटर सुरू होईना, तिची घरघर ऐकत बसलो दोघं. मग त्यांनी खाली बघूनच विचारलं, "बाबांना...?"

"नाही. आणि सांगणारही नाही. जोड घेऊन या. वाकवून बघेन. सुकलेला परत मिळेल."

"भाव?"

"नाही-शेठला देते तोच. घरचे म्हणून कमीही नाही."

चहा मागवला. प्यायले, पण अर्धाच.

२६ जून

शाळा उघडल्या. बाबा काठी टेकत स्वतः दुकानात आले, वर्षानंतर पहिल्यांदा. आत जागा नव्हती, तर दाराशी उभे राहिले. एका बाईने त्यांना म्हटलं, "आजोबा, रांग मागून." ते मागे जाऊन उभे राहिले! मी पाहिलं तेव्हा धावत गेले. म्हणाले, "राहू दे, माझा नंबर येईल."

नंबर आल्यावर स्टुलावर बसले. भिंत न् भिंत पाहिली. "गोदाम कुठे करायचं म्हणत होता धाकटा?"

"इथे."

"जागा कुठेय इथे?" म्हणाले आणि खिशातून गाळ्याची किल्ली काढून माझ्या हातात दिली. दुसरी. त्यांच्याकडची.

भावजींना काय सांगायचं ते बाबा बघतील.

३ जुलै

दुपारी एक अनोळखी बाई आली. परगावची. पायांकडे बघितलं – साधा पाच नंबर. म्हटलं, चुकून आली. म्हणाली, तिचं दुकान आहे, माझं नाव कुणीतरी सांगितलं, कडेचे नंबर खोक्याने हवेत. "घाऊक भाव काय लावता?"

कुणाला विचारतेय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

भाव सांगितला.