छाती बेचाळीस

५ जानेवारी

टोचून घेतलं! उजव्या कुल्ल्यावर. ट्रकने दिलं — जिममध्ये त्याला सगळे ट्रकच म्हणतात. सुईला घाबरलो नाही. म्हणजे घाबरलो, पण दिसू दिलं नाही. बारा आठवड्यांचा कोर्स, आठवड्याला एक. बाटलीवरचं लांबलचक नाव इथे उतरवलं होतं, पण स्पेलिंगची खात्री वाटेना म्हणून खोडलं. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड, एवढं पुरे.

आजची मापं: छाती साडेसदतीस, दंड तेरा, वजन बासष्ट. बाबांच्या दुकानातल्या टेपने, श्वास सोडून. फसवायचं कोणाला?

स्पर्धा २२ मार्चला.

१२ जानेवारी

जिमच्या फळ्यावर 'शरीरसौष्टव' लिहिलं होतं. मी 'ष्ट'चा 'ष्ठ' केला. नववीत शाळा सुटली म्हणून काय झालं? जिमचे सर म्हणाले, "काडीपैलवान, आधी दंड सुधार, मग फळा." सगळे हसले. हसा.

२५ जानेवारी

छाती एकोणचाळीस! तीन आठवड्यांत दीड इंच!

ताईच्या लग्नात बाबांनी माझा शर्ट शिवला होता, ते आठवलं. टेप गुंडाळला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "छाती एकतीस! वा, कापड वाचलं." त्यानंतर मी त्यांना माप घेऊच दिलेलं नाही. तीन वर्षं तयार शर्ट घालतोय — शिंप्याच्या घरात! स्पर्धेआधी त्यांच्यासमोर उभा राहणार. त्यांच्या तोंडून बेचाळीस ऐकायचं आहे. बक्षीस मिळो न मिळो.

३ फेब्रुवारी

पाठीवर मुरमं. दोन आरसे लावून मोजली. चौतीस. ट्रक म्हणतो, "गाडी पळायला लागली की धूर निघणारच." बरं.

९ फेब्रुवारी

ट्रकने विचारलं, दिवसभर दुकानात करतोस काय? म्हटलं, बाबा बायकांचे ब्लाऊज कापतात, मी टक्स घालतो. "टक्स म्हणजे?" मी बनियन चिमटीत धरून दाखवला — कापडाला अशी चुणी घालून शिवायची, म्हणजे छातीला जागा होते. मापं घेताना खांदा, छाती, कंबर आणि शेवटी टक्स, म्हणजे खांद्यापासून चुणीच्या टोकापर्यंत. बाबा सांगत जातात, मी वहीत लिहीत जातो. चाळीस वर्षांची सवय, तोंड आपोआप चालतं. "पुरुषांच्या शर्टाला नसतो?" "आपल्याला कशाला लागेल!" ट्रकने छाती पुढे काढून दाखवली. "मला शिव एक!" इतके हसलो की सरांनी दोघांना बाहेर काढलं.

१७ फेब्रुवारी

छाती साडेचाळीस. दंड साडेचौदा. कोपऱ्यावरचा किराणावाला मला पैलवान म्हणाला. काडी गाळून!

आईवर ओरडलो. चहात साखर कमी होती एवढ्यासाठी. ती म्हणाली, "अरे, हा आवाज कोणाचा काढलास?" मागून तिची सगळी भांडी घासून दिली.

२४ फेब्रुवारी

छातीच्या डाव्या बोंडाखाली गाठ. वाटाण्याएवढी. बनियन घासला तरी झोंबतं. उजवीकडेही असावी, दाबून बघवेना. आणखी एक गोष्ट आहे, कंबरेखालची. ती लिहिणार नाही. बाकी सगळं वाढतंय, ते मात्र उलटं.

ट्रक म्हणाला, "होतं रे. कोर्स संपला की उतरतं."

"तुझं उतरलं?"

तो टॉवेल आणायला गेला.

२ मार्च

डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो. पाटीवर 'रविवारी बंध' असं लिहिलंय. ते वाचत उभा राहिलो, आणि परत आलो. विचारतील काय घेतलंस, आणि थांबव म्हणतील. अजून तीनच आठवडे. मग बंद. लिहून ठेवतो — मग बंद.

८ मार्च

बेचाळीस!!

तीनदा मोजलं. सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ब्लाऊजच्या गिऱ्हाइकांच्या मोठ्या आरशासमोर. हात वर केले तर कोपर चौकटीबाहेर. नववी नापास, काडीपैलवान — आणि आरशात मावत नाही! एकटाच हसत होतो. इतकं चांगलं मला कधीच वाटलेलं नाही.

गाठी आता बाहेरून कळतात. एकावर एक दोन बनियन घालतो. मग कळत नाहीत.

१५ मार्च

मीच म्हणालो, "बाबा, मला शर्ट शिवायचाय." त्यांनी वर पाहिलं. गळ्यातला टेप काढला. मी नेहमीप्रमाणे लिहायला वही भिंतीला टेकवून उभा राहिलो.

"खांदा अठरा. छाती बेचाळीस."

बेचाळीस! हसू दाबून लिहिलं.

"कंबर तीस. टक्स दहा."

तेही लिहिलं. लिहून झाल्यावर कळलं. टेप खांद्यावरून छातीपर्यंत आलेला, बाबांचा अंगठा तिथेच. मी वहीतला शब्द पाहत राहिलो. टक्स. त्यात ऱ्हस्व-दीर्घ काही नाही, चूक काढायला जागाच नाही.

"शर्ट काढ," बाबा म्हणाले.

काढला. मग पहिला बनियन. मग दुसरा.